कुवारी बोडी

चंद्रपूर

चंद्रपूरच्या त्या ग्रंथालयात मे महिन्यात दुपारचं वाचन बंद असतं, वाचक मात्र आतच असतात. झोपलेले. कुणी लांबलचक टेबलावर डोकं टेकून, कुणी दोन खुर्च्या जोडून, कुणी थेट फरशीवर कालचं वर्तमानपत्र अंथरून. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांच्यावर नळीतून पाणी ठिबकत असतं, कोपऱ्यात एक धिप्पाड कूलर घरघरत असतो. पहिल्या दिवशी मी बाहेरच्या भट्टीतून आत आले आणि दारातच थबकले. मला वाटलं, इथं काहीतरी झालंय आणि मी एकटीच वाचलेय.

मी चिपळूणची. कॉलेजात इतिहास शिकवते. घाम हा आमच्याकडे अंगावरचा दुसरा कपडाच, त्यामुळे उन्हाळ्याचं मला कोण भय घालणार, अशी माझी घमेंड होती. एका संस्थेची उन्हाळी अभ्यासवृत्ती मिळाली आणि मी झाडीपट्टीतले जुने तलाव हा विषय घेऊन निघाले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी स्वखुशीनं तव्यावर बसायला चाललेय. चंद्रपूरला उतरले आणि घमेंड पहिल्याच सकाळी उतरली. इथं घाम येतच नाही. यायच्या आधीच वाळतो.

ग्रंथपाल रशीदभाई. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओला पंचा. त्यांचे वडील याच शहरात पुस्तकबांधणी करायचे, म्हणून जुन्या पुस्तकाला हात लावताना रशीदभाई आधी पाठीवरून बोट फिरवतात, मग उघडतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक कांदा आणून ठेवला.

"पर्समधी ठेवा मॅडम. लू नाई लागत."

"खरंच?"

"आमी तं ठेवतो. आजवर लू लागली नाई. आता कांद्यानं नाई लागली का नशिबानं, हे नका विचारू."

मी मुकाट्यानं ठेवला. महिनाभर माझ्या पेनांना, रुमालाला, रेल्वेच्या तिकिटाला कांद्याचा वास येत होता. पण लू लागली नाही, हे मी इथं नमूद करते.

दिवस लवकर सुरू व्हायचा. उजाडताच चहा, गोलबाजाराकडे तर्री घातलेले पोहे, आणि ऊन चढायच्या आत ग्रंथालय. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथं त्यांच्यावर लाल रस्सा ओततात, आणि पहिल्या घासाला जो ठसका लागतो त्यानं माणूस खडबडून जागा होतो. मग जुने छापील अहवाल, तडकलेले नकाशे, तलावांची कोष्टकं. पाळ किती लांब, पाणी किती शेतीला पुरतं, गाळ किती. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. लहान तलावाला इथं बोडी म्हणतात. वाचता वाचता दुपार व्हायची, ताटीचा ओला हिरवा वास डोक्यात भरायचा आणि ओळी पुसट व्हायच्या. मी पहिले काही दिवस झोपेशी भांडले. मग सोडून दिलं. डोकं टेबलावर टेकलं की कोष्टकातल्या बोड्या एकेक करून उघडायच्या, त्यांच्यात कमळं असायची, पाण्याखालून कुणीतरी मला हाक मारायचं आणि मी "आले" म्हणायच्या आत कूलर बंद पडून जाग यायची. इतका सुंदर अभ्यास मी आयुष्यात केलेला नाही.

अशाच एका दुपारी, अर्धवट जागी असताना, शेजारी वंदना येऊन बसली. वंदना तिथली सहायक ग्रंथपाल, तिशीतली, बोलण्याआधी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी.

"मॅडम, तुमच्या या पुस्तकांत तलावांची लग्नं लिहिलेली असतात का?"

मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

तिनं नीट सांगितलं. तिची मावशी कौसाबाई चामोर्शीच्या पुढं कोसमटोल्याला राहते. गावची बोडी मावशीच्या आजेसासऱ्यानं खोदली. त्यांच्याकडे बोडी म्हणजे खोदणाऱ्याची लेक. तिचं लग्न लावावं लागतं. मधोमध लाकडाचा खांब रोवतात, तो नवरा. त्या नवऱ्याकडचं वऱ्हाड म्हणजे सगळं गाव. लग्न लागेपर्यंत गावानं पाणी वापरलं तरी चालतं, पण खोदणाऱ्याच्या घरानं नाही, कारण कुवाऱ्या लेकीच्या कमाईवर कुणी जगत नाही. आता गंमत अशी, की बोडी खोदली आणि त्याच साली आजेसासरे तापानं गेले. लग्न लागलं होतं की राहिलं, यावर घरात एकमत नाही. सासरे म्हणायचे लागलं. सासू म्हणायची नाही लागलं. घरात सासूचं चालायचं.

"म्हणून मावशीनं त्या बोडीचं पाणी कधी प्यायलं नाही. मासोळी नाही खाल्ली. पाळीखालीच त्यांचं शेत आहे, आजूबाजूची सगळी धानं बोडीवर पिकतात, यांचं फक्त पावसावर."

"मग पुन्हा लावायचं लग्न."

"लागलेलं असलं तर? एका पोरीचं दोनदा कसं लावणार?"

मी प्रश्न वहीत उतरवून घेतला. चिपळूणलाही मला याचं उत्तर आलं नसतं.

"आता पावसाळ्याआधी मावशीचा मुलगा तिला नागपूरला घेऊन जाणार आहे, कायमची. गुडघे गेले तिचे. घराला कुलूप लागणार. ती म्हणते, कुवारी पोरगी एकटी टाकून मी जाऊ कशी? निघतच नाही. या मावसभावाचा मला रोज फोन असतो, मावशीचं रोज तेच." तिनं ओढणी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "पुस्तकात काही सापडलं तर बघा ना."

मी शोधलं. अगदी मन लावून शोधलं. कोसमटोल्याची बोडी एका कोष्टकात सापडली, पाळीच्या लांबीसकट. लग्नाचा रकाना कुठल्याच कोष्टकात नव्हता. रशीदभाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "मॅडम, मोजायले आलेला साहेब वऱ्हाडी थोडीच होता." मग थोडं थांबून, "तुमी जाऊनच या. यंदा तिथला गाळ उपसला म्हणतात. मधात काही दिसत असंल तं आताच दिसंल. पाऊस झाला का गेलं."

चामोर्शीकडे

मूल गावावरून एसटी निघाली. बाहेर जंगल उभं होतं, पण पानं गाळलेलं, राखेच्या रंगाचं, मधूनच एखादा कुसुम लालसर पालवीनं पेटल्यासारखा. वैनगंगेच्या पुलावर मी खिडकीला नाक लावलं. एवढी मोठी नदी वाळूत झोपली होती आणि पाण्याच्या दोनतीन धारा तिच्या अंगावरून सावकाश चालल्या होत्या. त्या बघता बघता माझाही डोळा लागला. वंदना माझ्या शेजारी होती, तिचाही लागला. ग्रंथालयाची सवय. चामोर्शी मागं पडली आणि कंडक्टरनं आम्हांला आष्टीच्या वाटेवर उठवलं. परत येताना एका मिनीडोअर रिक्षात बकऱ्यांच्या सोबतीनं बसलो. एका बकरीनं माझ्या पर्समधला कांदा हुंगला आणि तोंड फिरवलं.

कोसमटोला

मला वाटत होतं, गावात जायचं, चार म्हाताऱ्यांना पारावर बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. गावात कोणीच नव्हतं. दारं नुसती ओढून घेतलेली, अंगणात कोंबड्या, एक कुत्रं सावलीबरोबर सरकत होतं. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. भल्या पहाटे सगळं गाव जंगलात जातं, ऊन डोक्यावर यायच्या आत पानांचे भारे घेऊन परततं आणि दिवसभर सावलीत बसून पुडे बांधतं. बिड्यांची ही पानं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या केंद्रावर, मोजून द्यायचे.

घरी होत्या फक्त कौसाबाई. बारीक चणीच्या, कपाळावर जुनं गोंदण, गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली. मी वाकले तसा त्यांनी माझा हातच धरला.

"सापडलं काय पुस्तकात?"

"नाही हो बाई."

"बसा मंग. उन्हातून आल्या."

एवढंच. मी कसंनुसं हसले. त्यांनी हापशीचं पाणी दिलं, मग जेवायला वाढलं. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी. वर ताटात टेंभरं, म्हणजे तेंदूचीच पिकली फळं, चिकूची मधाळ बहीण वाटावी अशी. आम्ही कोकणी माणसं भाताच्या बाबतीत फार तोऱ्यात असतो. त्या भाताचा वास आला आणि मी तोरा गुंडाळून दुसऱ्यांदा वाढून घेतला.

जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं घर कसं? मालक काय करतात?"

"लग्न नाही केलं मी."

कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वंदनाकडे. "एकीचं जमवायले बोलावली तं दुसरी कुवारी घेऊन आली का वं?"

जेवणं आटोपली तोच बायका परतल्या. आंब्याखाली पानांच्या राशी पडल्या, आणि मीही जाऊन बसले, कारण मला कळलं होतं, की या दिवसांत इथं रिकाम्या हातानं बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही. पानं जुळवत गेले तशा त्या बोलू लागल्या. बोडीचं लग्न झालं म्हणणाऱ्या आणि नाही म्हणणाऱ्या अशा दोन फळ्या तिथंही होत्याच. बोटं चालत होती, पानांचा कोरडा आवाज येत होता, ऊन आंब्याच्या पलीकडं पांढरं झालं होतं. मधेच कुणीतरी गुणगुणायचं आणि थांबायचं. मला वाटलं, मी कधीपासूनची इथं बसले आहे आणि चिपळूण हे मी कुठंतरी वाचलेलं एक गाव आहे.

बोडी

दुसऱ्या दिवशी उजाडताच लहानुजीभाऊ मला बोडीवर घेऊन गेले. ते गावचे पाणकर. कुणाच्या शेताला बोडीचं पाणी कधी सोडायचं, ते पाणकर ठरवतो. त्यांच्या मागून मी, मागं वंदना, आणि सगळ्यांत मागं, नको नको म्हणत असताना, काठी टेकत कौसाबाई.

पाळीवर चढलो. मोहाची जुनी झाडं, आणि आत बोडी. एका अंगाला पाणी उरलं होतं, आभाळाच्या रंगाचं, त्यात एक बगळा स्वतःकडे बघत उभा. बाकी सगळा भेगाळलेला चिखल, त्यावर पहाटेचा निळसर उजेड. मी चपला काढल्या आणि तळात उतरले. वरून कोरडा, आतून गार. जिथं एरवी माणसाच्या डोक्यावर पाणी असतं तिथून चालताना आवाज आपोआप खाली येतो. आम्ही चौघंही कुजबुजत होतो.

पाण्याच्या काठाला, बरोबर मधोमध, तो उभा होता. कमरेएवढा, काळाकुट्ट खुंट.

मी गुडघे टेकून त्यावरून हात फिरवला, रशीदभाई पुस्तकावरून फिरवतात तसा. एक बाजू सपाट लागली. कुऱ्हाडीनं तासलेली? की पाण्यानं झिजलेली? मग मी मान वर केली आणि मला इतर खुंट दिसले. थोडा पलीकडे एक, पाळीजवळ दोन, आणखी एक आडवा. बोडी खोदली तेव्हा इथं जंगल होतं. झाडं तोडली, बुंधे राहिले. यातला नवरा कोण आणि नुसतं झाड कोण?

"काय म्हणता बाई?" लहानुजीभाऊंनी विचारलं.

तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ग्रंथालयातली बाई, पुस्तकं वाचून आलेली. मी "हाच तो" म्हटलं असतं तर कौसाबाई त्या क्षणी सुटल्या असत्या. शब्द जिभेवर आला होता, खरं सांगते. त्या माउलीला मोकळं करावं असं मला फार वाटत होतं. पण उद्या कुणी विचारलं, कशावरून, तर माझ्याकडे एका सपाट बाजूशिवाय काही नव्हतं. आणि त्यांनी इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी तहान धरली, तिच्यावर मी अंदाजाचा शिक्का कसा मारू?

"मला सांगता येत नाही, बाई," मी म्हणाले. "असेलही. नसेलही."

वंदनानं मान खाली घातली. मला रडू येईल असं वाटलं. कौसाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून त्या खुंटाकडे बघत राहिल्या. बगळा उडून गेला.

"लहानुजी," त्या म्हणाल्या, "एका पोरीचं दोघांशी लगन लावनं वाईट. होय का नाई?"

"होय तं."

"आन् त्याच नवऱ्याशी दोनदा लावलं तं?"

लहानुजीभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा बांधला. "त्याच्यात काय वाईट आहे?"

"मंग मधात उभा हाय, यालेच नवरा समजू. आधीच झालं असंल तं हाच होता. नसंल झालं तं आज होईल." त्या माझ्याकडे वळल्या. "पुस्तकवाल्या बाई, तुमचं काई म्हननं?"

माझं काय म्हणणं असणार? मी नुसती मान हलवली, डोळे पुसले आणि चिखलाचा हात तोंडाला फासून घेतला.

गोरज

मुहूर्त गोरजाचा ठरला, कारण त्याआधी पुडे फळीवर द्यायचे होते. लग्न असो नाहीतर आणखी काही, पान वाळून चालत नाही.

वरपक्षाला सगळं गाव. वधूपक्षाला कौसाबाई, वंदना आणि मी. हे लहानुजीभाऊंनी जाहीर केलं आणि वरपक्षानं लगेच वरपक्षासारखं वागायला सुरुवात केली. मानपान, चहात साखर कमी, पाहुण्यांना बसायला काही अंथरलं नाही, अशी सगळी तक्रार. एक आजी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पोरीच्या मावशीले सांगा, ह्याच मांडवात तिचंही उरकून टाकू. पाळीजवळचे दोन खुंट रिकामेच आहेत." मी त्यांना सांगितलं, की त्यातला उंच असेल तो दाखवा. त्यानंतर मला कुणी पाहुणी मानलं नाही.

खुंटाला हळद लागली, आंब्याच्या पानांचं तोरण गुंडाळलं. काठच्या पाण्यात हळदकुंकू सोडलं. अंतरपाट हवा होता, तर माझी ओढणी घेतली. एक टोक वंदनाच्या हातात, एक माझ्या. एका अंगाला काळा नवरा, दुसऱ्या अंगाला पाण्याची नवरी, आभाळ दोघांच्याही अंगावर केशरी. लहानुजीभाऊंनी मंगलाष्टकं म्हटली, अर्धी पाठ होती आणि अर्धी जागच्या जागी सुचली. आमच्याकडची लग्नं मी पुष्कळ पाहिली, हॉलमधली, फोटोवाल्यांच्या धक्काबुक्कीतली. इतकं गंभीर लग्न मी पाहिलं नव्हतं. ओढणी खाली गेली आणि सगळ्यांनी पिवळ्या अक्षता उधळल्या.

अक्षता पाण्यात पडल्या तसं पाणी खालून उकळल्यासारखं हललं. बारक्या बारक्या मासोळ्या, शेकड्यांनी, तांदळावर तुटून पडल्या. पोरंटोरं हसली, बायका हसल्या.

"प्या बाई आता," लहानुजीभाऊ कौसाबाईंना म्हणाले. "पोरगी उजवली तुमी."

कौसाबाई मात्र मागं सरकल्या. "लेक दिल्यावर तिच्या घरचं पानी मायबापानं पेऊ नाई. लेकरू होईस्तवर नाई."

मला दरदरून घाम फुटला, चंद्रपूरला उतरल्यापासून पहिल्यांदा. हे खरंच होतं. ही रीत आमच्याकडेही होती, माझ्या आजीनं पाळलेली. इतकं सगळं करून पुन्हा तहान तिथंच.

मघाच्याच आजी पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अवो, ते काय आहे मंग? लेकरंच तं आहेत. अक्षता खाऊन राह्यले मायच्या लग्नाच्या."

मग एकीनं तोंडाला पदर लावला. "लगनाच्या आधीचेच लेकरं, मावशी." आणि हशाचा असा लोट उठला, की मोहाच्या झाडांवरचे पोपट उडाले. कौसाबाईही हसल्या. हसता हसता त्या वाकल्या, वंदनानं त्यांना कमरेला धरलं, आणि त्यांनी ओंजळ भरली. पाणी गढूळ होतं, हळदीनं पिवळं झालेलं, एक अक्षता तरंगत होती. त्या प्यायल्या. मग पुन्हा भरून प्यायल्या. ओला हात त्यांनी डोळ्यांवरून फिरवला आणि तसाच तिथं ठेवला. खांदे हलायला लागले.

वरपक्षातल्या बायका जवळ आल्या. पाठवणीला नवरीच्या आईला धरतात, तसं त्यांनी कौसाबाईंना धरलं.

"काऊन रडून राह्यली मावशी?" वंदना म्हणाली. तिच्या बोलण्यावरचं सगळं चंद्रपूर गळून पडलं होतं. "पोरगी कुठी चालली? ते तं इथीच आहे."

"ते आहे वं," कौसाबाई म्हणाल्या. "मी चालली ना."